कुट्टिकार

"मी गाणी लिहितो," असं हैदराबादेत कोणी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "वो तो ठीक है मियाँ, लेकिन करते क्या?" इराणी हॉटेलात उस्मानिया बिस्किट चहात बुडवता बुडवता हा प्रश्न येतो. खोली भाड्याने देण्याआधी घरमालक हाच प्रश्न विचारतो. काचीगुडा किंवा सुलतान बाजारातल्या मराठी घरात मुलीचे काका तो चष्मा कपाळावर चढवून शुद्ध मराठीत विचारतात. ज्याचा माल रोज रिक्षात, लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या मिरवणुकीत आणि न्हाणीघरात वापरला जातो, त्या माणसाचा धंदा मात्र धंद्यात धरला जात नाही.

बरं, त्याला नाव नाही म्हणून असं होतं म्हणावं, तर या गावात त्याच्या नावांची नुसती चंगळ आहे. उर्दू, तेलुगू, संस्कृत, मराठी, सिनेमावाल्यांची इंग्रजी, अशा प्रत्येक भाषेने त्याला एकेक नाव देऊन ठेवलंय. गंमत अशी की नाव बदललं की त्याची बसायची जागाही बदलते. कुठे गादी, कुठे पाट, कुठे कोठडी, आणि कुठे शेवटच्या रांगेतली मोडकी खुर्ची.

सुरुवात गादीपासून करू. हे शहरच मुळी एका कवीने वसवलेलं आहे. मुहम्मद कुली कुतुबशहाने 1591 साली हैदराबाद वसवलं आणि दखनीत पावसावर, सणांवर, फळांवर आणि अर्थातच स्त्रियांवर भरपूर कविता लिहिली. त्याला "करते क्या?" असं विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. शिवाय उत्तर तयार होतं : राज्य. तेव्हापासून इथे शायरांसाठी जणू नियमच पडला, आधी राज्य मिळवा आणि मग खुशाल कविता करा. ज्यांना राज्य जमलं नाही त्यांनी राजा गाठला. दाग देहलवी उत्तरेतून इथे आले, सहाव्या निजामाचे उस्ताद झाले आणि 1905 साली इथेच वारले. उस्तादाचं काम काय, तर शिष्याची कविता दुरुस्त करणं. 'हुजूर, दुसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडते' हे साक्षात निजामाला सांगायचं आणि मान जागच्या जागी घेऊन घरी परतायचं, या कामाला पगार कितीही दिला तरी थोडाच.

हा जो अरबीतून आलेला शायर, तोच आपल्या हद्दीत शिरताना शाहीर झाला. शब्द एकच, पण वाटेत कुठेतरी त्याने कपडे बदलले. हैदराबादचा शायर पांढऱ्या चादरीवर लोडाला टेकून बसतो, एक ओळ दोनदा म्हणतो आणि समोरच्यांनी 'वाह' म्हणेपर्यंत तिसऱ्यांदा म्हणतो. आपला शाहीर फेटा बांधतो, उभा राहतो, डफावर थाप मारतो आणि 'वाह'ची वाट न बघता थेट अफझलखानाच्या तंबूत शिरतो. एका शिवजयंतीला आमच्या मराठी मंडळाच्या एका उत्साही सभासदाने हॉलवाल्याला दखनीत बजावलं, "शाहीर आने वाले हैं, इंतजाम अच्छा रखो." हॉलवाल्याने शायर ऐकलं. संध्याकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा रंगमंचावर गाद्या, लोड, गुलाबपाणी आणि एक पितळी पीकदाणी मांडलेली होती. शाहिरांनी ती सजावट पाहिली, एक शब्द बोलले नाहीत, चपला काढून गादीवर उभे राहिले. गादीवर उभं राहून पोवाडा म्हणणाऱ्याचा तोल सांभाळणं फार अवघड असतं. प्रतापगडाच्या पायथ्याशी ते दोनदा डुगडुगले. हॉलवाला मात्र खूश होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे इतका जोशीला मुशायरा त्याने आजवर पाहिला नव्हता.

आता पाट. तेलुगूत गाण्याला 'पाट' म्हणतात आणि गाणी लिहिणाऱ्याला 'पाटल रचयिता'. हे पहिल्यांदा ऐकणारा मराठी माणूस ताबडतोब सावरून बसतो आणि विचारतो, "पाटील का? कुठले?" सांगलीकडचे की खानदेशातले हे ठरल्याशिवाय त्याला पुढचं काही ऐकू येत नाही. त्यातून सुटला की दुसरा घोटाळा तयार असतो. तेलुगूत गाण्याचं क्रियापद 'पाडु', म्हणजे गायक तिकडे राजरोस पाट पाडतो. आपल्याकडेही कवी कविता पाडतात, पण ते त्यांच्या पाठीमागे म्हणायचं असतं.

तिसरा घोटाळा सगळ्यांत गंभीर. दक्षिणेतल्या संगीतात गाण्याच्या शब्दांना 'साहित्यम्' म्हणतात. कीर्तन असो की कालच्या सिनेमातलं नाचाचं गाणं, शब्द आले की ते साहित्य. आमच्याकडे साहित्य म्हणजे काय यावर संमेलनाच्या मांडवात तीन दिवस परिसंवाद होतात आणि शेवटी जेवणाबद्दल तक्रार करून मंडळी घरी जातात. 1931 साली हैदराबादेतच मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अध्यक्ष होते. एखाद्या तेलुगू गवयाने पाटी वाचून आत डोकावलं असतं, तर तो तंबोरा कुठे आहे म्हणून शोधत बसला असता. आमच्या घरात तर या शब्दाचा तिसराच अर्थ चालतो. पाककृतीच्या पुस्तकात वर लिहिलेलं असतं 'साहित्य' आणि खाली 'कृती'. मला वाटतं, गाणी लिहिणाऱ्याची खरी अवस्था याच पुस्तकाला कळली आहे. तो साहित्य आणून देतो, कृती दुसरे करतात, आणि जेवणारे आचाऱ्याचं कौतुक करतात. पाट त्याला मिळतो, ताट मिळेल याची खात्री नाही.

यानंतर कोठडी. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात गाईड मराठी पाहुण्यांना एक अंधारी खोली दाखवतो आणि सांगतो, "ये रामदास का जेल है." आपली मंडळी हादरतात. समर्थांना कधी अटक झाली? नातवाच्या इतिहासाच्या पुस्तकात तर हे नाही! मग कळतं की हे रामदास वेगळे. कंचर्ल गोपन्ना हे त्यांचं मूळ नाव आणि कुतुबशाहीत पालवंचाचे तहसीलदार हा हुद्दा. सरकारी वसुलीच्या पैशातून त्यांनी भद्राचलमला रामाचं देऊळ उभं केलं, म्हणून तानाशहाने त्यांना आत टाकलं. बारा वर्षं ते इथे होते असं सांगतात. तिथे त्यांनी रामावर पदं रचली, आणि त्यांतल्या काही पदांत ते रामालाच हिशेब ऐकवतात, कोणाच्या पदकाला किती मोहरा पडल्या ते. देवाला लेखापरीक्षणाचा अहवाल रागदारीत वाचून दाखवणारा हा पहिलाच महसूल अधिकारी असावा. शेवटी राम-लक्ष्मणांनी स्वतः येऊन तानाशहाची बाकी चुकती केली, अशी कथा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी विठोबा बिदरला पैसे भरून आला होता, ते आपल्याला पाठ आहेच. दख्खनच्या देवांना महसूल खात्याच्या पावत्या फाडायचा बराच सराव दिसतो.

या भद्राचल रामदासांना तेलुगू लोक साधं 'पाटल रचयिता' म्हणत नाहीत. ते अन्नमाचार्य आणि त्यागराज यांच्या पंगतीत बसतात आणि त्यांना 'वाग्गेयकार' म्हणतात. वाक् म्हणजे शब्द, गेय म्हणजे चाल. दोन्ही ज्याचं स्वतःचं, तो वाग्गेयकार. हा शब्द उच्चारला की हैदराबादी माणूससुद्धा सरळ बसतो. पण या शब्दाची व्याख्या कुठे बसून लिहिली गेली ते पाहा. शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला तो तेराव्या शतकात, यादवांच्या देवगिरीला. म्हणजे आपल्या दौलताबादला, जे पुढे निजामाच्या राज्यात गेलं. तेव्हा हैदराबादकरांनी त्या शब्दावर हक्क सांगितला तर आपण फार भांडू नये. फक्त माल मूळचा मराठवाड्याचा, एवढी नोंद असावी.

शार्ङ्गदेव संगीताचा पंडित होता हे सगळे सांगतात. पण त्याची नोकरी सिंघण यादवाच्या दरबारात हिशेब खात्याच्या प्रमुखाची होती, हे कळलं की ग्रंथाचा सूर नीट लागतो. त्याने वाग्गेयकारांची सरळ प्रतवारी लावून टाकली : उत्तम, मध्यम, अधम. उत्तमाला व्याकरण हवं, छंद हवेत, अलंकार हवेत, गळा हवा, देशी रागांची ओळख हवी. यादी इतकी लांब आहे की आजच्या नोकरीच्या जाहिराती तिच्यापुढे नम्र वाटतात. चाल चांगली पण शब्द कच्चे, तर मध्यम. आणि शब्द सुंदर पण चाल मंद, तर अधम! म्हणजे मराठी भावगीतांच्या कवींपैकी निम्मे, ज्यांना चाल लावता येत नव्हती, ते या हिशेबनीसाने एका फटक्यात शेवटच्या खान्यात ढकलले असते.

पण त्याच्या चोपडीत आणखी एक नोंद आहे आणि ती वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ हसलो. दुसऱ्याने बांधलेल्या चालीवर जो शब्द बसवतो, त्याला शार्ङ्गदेव 'कुट्टिकार' म्हणतो. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी! ना स्टुडिओ, ना हार्मोनियम, ना ट्रॅक, आणि सिनेमाच्या गीतकाराला त्याने आधीच नाव देऊन ठेवलंय. मराठवाड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. त्याच्या गोठ्याशेजारी कडबाकुट्टीचं यंत्र असतंच. लांब कडबा घालायचा, हव्या त्या मापाचे तुकडे काढायचे. समोरच्याला चावता येतील एवढे बारीक, आणि तक्रार करता येणार नाही एवढे सारखे. सिनेमात शब्दांचं नेमकं हेच करतात.

हैदराबादच्या फिल्मनगरात या कामाला 'सिटिंग' म्हणतात. संगीतकार 'ता नन ना' करून चाल ऐकवतो, दिग्दर्शक प्रसंग सांगतो आणि कुट्टिकार समोर बसतो. बसणं हे कामाचं नावच असल्याने त्याला इथे तरी खुर्ची मिळते. चालीत सात अक्षरांची जागा आहे, मनातला शब्द नऊ अक्षरांचा. दिग्दर्शकाला ओळीत प्रेम, पाऊस आणि नायकाचं ध्येय हवं असतं. निर्मात्याला एक असा शब्द हवा असतो जो पोरं रस्त्यावर ओरडतील. कुट्टी चालू.

आणि या कामाला बसलेली माणसं पाहा. चेंबोलु सीताराम शास्त्री टेलिफोन खात्यात नोकरीला होते. 1986 साली 'सिरिवेन्नेला' नावाच्या सिनेमाची गाणी त्यांनी लिहिली, आणि ती इतकी गाजली की सिनेमाचं नावच त्यांच्या नावाआधी कायमचं चिकटलं : सिरिवेन्नेला सीताराम शास्त्री. आपल्याकडे सासरचं नाव लागतं, त्यांना सिनेमाचं लागलं. चित्रपट निवडताना गीतकाराने किती जपावं, याचा हा धडा आहे. 'धुमाकूळ' नावाचा असता तर?

दुसरे डॉ. सी. नारायण रेड्डी. उस्मानिया विद्यापीठात तेलुगूचे प्राध्यापक, पुढे तेलुगू विद्यापीठाचे कुलगुरू, 1988 चा ज्ञानपीठ पुरस्कार, आणि सिनेमाची हजारो गाणी. हैदराबादेत कोणालाही यात विसंगती दिसली नाही. मराठीत कोणा ज्ञानपीठ विजेत्याने नाचाची गाणी शेकड्याने लिहिली असती, तर दिवाळी अंकांना दोन वर्षं विषय पुरला असता. कवी आणि गीतकार यांच्यामध्ये आपण एक भिंत बांधून ठेवली आहे. 'कवी' म्हटलं की शाल, 'गीतकार' म्हटलं की श्रीफळ, आणि 'गाणी लिहितात' म्हटलं की नुसता चहा. शान्ता शेळके यांच्यासारख्या कवयित्रीनेही काही गाणी 'वसंत अवसरे' या नावाने लिहिली होती.

तिसरं नाव ऐकून मराठी माणूस दचकेल. गुम्मडी विठ्ठल राव या लोकगायक-कवीने 'गदर' पक्षावरून 'गद्दर' हे नाव घेतलं आणि खांद्यावर घोंगडी टाकून गावोगाव गाणी पोहोचवली. 2023 साली ते गेले, आणि तेलंगण सरकारने चित्रपटांच्या राज्य पुरस्कारांनाच त्यांचं नाव दिलं. म्हणजे हैदराबादेत आता कलावंतांना भर समारंभात टाळ्यांच्या गजरात गद्दर पुरस्कार मिळतो. मराठी कानाला तो शब्द भलताच ऐकू येतो. आमच्या विधानसभेत तो पुरस्कार अनेकांना अनेकदा जाहीर झाला, पण अजून कोणी स्वीकारायला पुढे आलेलं नाही.

आणि मग 'नाटू नाटू'. 'नाटू' म्हणजे अस्सल गावठी. तेलुगूत गावरान कोंबडीलाही 'नाटू कोडी'च म्हणतात. चंद्रबोस यांनी हे गाणं लिहिलं. बहुतेक गाणं अर्ध्या दिवसात झालं आणि उरलेल्या थोड्या भागाला 19 महिने लागले, असं त्यांनीच मुलाखतींत सांगितलं आहे. कुट्टीत शेवटची मूठ अडकते ती अशी. मार्च 2023 मध्ये या गाण्याला ऑस्कर मिळालं. संगीतकार कीरवाणी मंचावर जे बोलायचं ते गाऊन बोलले. चंद्रबोस यांच्या वाट्याला आला एक शब्द : "नमस्ते." त्याआधी 2009 साली 'जय हो'ला तोच मान मिळाला, तेव्हा त्याचे गीतकार गुलजार त्या सभागृहात नव्हतेच. म्हणजे भारताला मिळालेल्या या दोन ऑस्करांत मिळून शब्द लिहिणाऱ्यांनी मंचावर उच्चारलेले एकूण शब्द : एक. ज्यांची सगळी हयात शब्दांत गेली, त्यांनी एवढी काटकसर दाखवावी हे शोभून दिसतं, पण ती त्यांची निवड होती असं मला वाटत नाही.

आता आपल्या घरचं पाहू. वा. रा. कांत मूळचे नांदेडचे. आधी निजामाच्या शेतकी खात्यात, म्हणजे अगदी कडबाकुट्टीच्या शेजारी, आणि मग 1945 पासून निजामाच्या रेडिओवर मराठी विभागात. ते बगळ्यांच्या माळेचं गाणं मराठी माणसाला झोपेतही आठवतं. कोणाचं? तर वसंतराव देशपांड्यांचं. जरा जाणकार असेल तर म्हणेल, चाल खळ्यांची. कांतांपर्यंत पोहोचणारा श्रोता दहा गाण्यांच्या मैफलीत एखादाच निघतो. शांताराम आठवल्यांची गोष्ट त्याहून भारी. 1936 च्या 'संत तुकाराम'साठी त्यांनी एक अभंग लिहिला, आणि तो लोकांनी सरळ तुकोबांच्या नावावर जमा केला. जाणकार म्हणवणारेही गाथेत त्याला शोधत राहिले. गीतकाराच्या यशाचं शिखर कोणतं, तर त्याने लिहिलेलं त्याचं नाही असं सगळ्यांचं एकमत होणं. अशा शिखरावर उभं राहून तो बिचारा दरीत कोणाला हाक मारणार?

कायद्याला मात्र हे सगळं समजलेलं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द ही साहित्यकृती आणि ते लिहिणारा हा लेखक. म्हणजे तेलुगू गवई 'साहित्यम्' म्हणत होते ते बरोबरच होतं. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क असा बांधून दिला की निर्मात्याने एका कागदावर सही घेऊन तो कायमचा काढून घेऊ नये. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. सरकारने शब्दांना पैसे लावले. आपण श्रोत्यांनी अजून नावसुद्धा लावलेलं नाही.

तेव्हा शायर म्हणा, शाहीर म्हणा, पाटल रचयिता म्हणा, वाग्गेयकार म्हणा, वाटल्यास शार्ङ्गदेवाच्या आज्ञेने कुट्टिकार म्हणा. कोणत्याही नावाने त्याची खुर्ची एका रांगेनेही पुढे सरकलेली नाही. त्याला खरोखर लागतं ते त्याचं स्वतःचं नाव, आडनावासकट, गाणं सुरू होण्याआधी, माइक चालू असताना. मंडळाच्या पुढच्या भावगीतांच्या कार्यक्रमाचं निवेदन तुमच्याकडे आलं, तर "आता सादर आहे अमुक गायकाचं गाणं" असं म्हणू नका. आधी शब्द कोणाचे ते सांगा, मग चाल कोणाची, मग स्वर कोणाचा. नाव आठवत नसेल तर शोधून काढा, दोन मिनिटांत सापडतं. आणि सापडलेलं नाव मराठी असो, तेलुगू असो की उर्दू, ते नीट उच्चारा. पाटील करू नका.